तांब्यावर कोरलेली गच्ची

तांब्याला वास नसतो असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. त्याने कधी तांबं घासलेलं नसतं, एवढंच. परवा गावी अब्बांची लोखंडी पेटी उघडली आणि तो वास थेट नाकात गेला. अब्बांना जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून त्यांच्या वस्तू वाटून टाकायला मी सुट्टी काढून आले होते. पेटीच्या तळाशी त्यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड आणि चपटं हाताला लागलं. ते काय आहे हे बनियन सोडवण्याआधीच मला कळलं. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, मी चांगली घोडी झालेय, दोन मुलांची आई आहे, तरी मी आधी दाराकडे बघितलं.

तांब्याचा पत्रा आहे तो, जेवायच्या ताटाएवढा रुंद. त्यावर आखातातलं मनामा शहर कोरलेलं आहे, उलटं, आरशात दिसावं तसं. मिनार, पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, दोरीवरचे कपडे, लांब समुद्र आणि समुद्रापलीकडे बुसैतीनची सपाट रेघ. समोर गुदैबिया मोहल्ल्यातल्या आमच्या इमारतीची गच्ची. संपूर्ण पत्र्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एक आडवी चीर मारलेली आहे. पत्रा पालथा केला की मागे एका ठिकाणी हातोडीचे बारीक ठोके दिसतात, देवी आलेल्या गालासारखे. त्या ठोक्यांच्या बरोबर दुसऱ्या बाजूला माझा मामू उभा होता.

गुदैबियातला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. खाली एका मल्याळी माणसाचं किराणा दुकान, शेजारी इराणी भटारखाना. सकाळी खुबूस रोट्या भाजल्याचा वास जिन्यातून वर यायचा आणि दुपारी अम्मीच्या सुक्या बोंबलांचा वास जिन्यातून खाली जायचा. दोघांची गाठ पहिल्या मजल्यावर पडायची आणि तिथल्या पंजाबी बाई दार आपटायच्या. अब्बा बाजारातल्या एका दुकानात पाट्या कोरायचे. डॉक्टरांच्या पितळी पाट्या, शाळेचे कप, कंपनीतून निवृत्त होणाऱ्यांच्या ढाली. इंग्रजी त्यांना फारसं यायचं नाही. पण इंग्रजी अक्षर ते असं कोरायचे की इंग्रजांनी बघत राहावं.

आणि आमच्या घरात मामू होता. हनीफमामू, अम्मीचा सर्वांत धाकटा भाऊ. तो घरात होता हे बाहेर कुणाला ठाऊक असायचं नव्हतं. तो आपल्या कफिलाकडून, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या माणसाकडून, निघून आला होता. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पासपोर्ट कफिलाच्या खणात राहिला. अशा माणसाला तिथे खल्लीवल्ली म्हणतात, ज्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही असा. आमच्याकडे मात्र दिवसाचा प्रत्येक तास त्याच्या हिशेबाने चालायचा. दारावर टकटक झाली की आधी मामू न्हाणीघरात, मग त्याच्या चपला कपाटाखाली, मग त्याचा चहाचा कप माझ्या हातात, आणि मग दार उघडायचं. त्या दोन वर्षांत मी किती अर्धे कप चहा प्यायले त्याची गणती नाही. शाळेत घरी कोण कोण असतं यावर निबंध लिहायला दिला तेव्हा मी तीन माणसं लिहिली आणि बाईंनी ‘गुड’ असा शेरा दिला. त्या शेऱ्याची मला आठवडाभर भीती वाटत होती.

त्या वर्षांत शहरातही काहीतरी चालू होतं. मोठी माणसं आमच्यासमोर त्याबद्दल बोलायची नाहीत. हेलिकॉप्टर गच्च्यांवरून इतकं खालून जायचं की दोरीवरचे कपडे एका बाजूला पडायचे. कधी लांबून काहीतरी फुटल्याचा आवाज यायचा, मग टायर जळल्याचा वास, मग रस्त्यावर गाड्या थांबवून कार्डं तपासणं. अम्मी खिडकी लावून घ्यायची आणि कुराणातली आयत पुटपुटत मामूच्या पाठीवर फुंकर मारायची. तो हसायचा. “आपा, जरा जोरात मार, उकडतंय,” म्हणायचा. पण हसताना त्याचे डोळे दाराकडे असायचे.

दुपार कलून असरची बांग झाली की मात्र तो गच्चीवर जायचा. त्या वेळी सगळे कामावर किंवा झोपलेले. जाताना कपडे काढायची बादली हातात घ्यायचा, कुणी विचारलंच तर निमित्त म्हणून. वर गेला की कठड्यापाशी एका पायावर उभा राहायचा. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकलेला, एक हात डोक्यावर. गावी भाताच्या बांधावर चिखलाचा पाय वर धरून तसंच उभं राहायची त्याला लहानपणापासून खोड. नाना, म्हणजे अम्मीचे वडील, त्याला बगळा म्हणायचे. गच्चीवर ना चिखल ना पाणी, शमालने, तिथल्या उत्तरेच्या वाऱ्याने, आणलेली बारीक रेती तेवढी. तरी हा बगळा आपला एका पायावर, समुद्रातल्या गलबतांकडे बघत. मी जिन्याच्या दाराशी पहारा द्यायची. उन्हाने तापलेल्या टाक्यांचा वास, कुणाच्या तरी घरातली वेलचीची कॉफी, आणि मामूचं गुणगुणणं. आयुष्यात पुन्हा कधी मी इतकी घाबरलेली आणि इतकी सुखी एकाच वेळी नव्हते.

यानसाहेब आले ते अब्बांच्या दुकानातून. त्यांना गुळगुळीत तांब्याचा पत्रा हवा होता आणि अब्बांनी घासून दिलेला पत्रा त्यांनी गालाला लावून बघितला. इमारतीतले सगळे त्यांना अंग्रेज म्हणायचे. ते दर वेळी थांबून सांगायचे, मी इंग्रज नाही, बेल्जियमचा, आणि त्यातही फ्लेमिश. मल्याळी दुकानदार म्हणायचा, “ओके, अंग्रेज.” साठीचे असतील. उंच, वाकलेले, नाकावर दोन चष्मे एकावर एक. त्यांच्या घरात तीन पिढ्या एकच धंदा होता: शहरं कोरायची. एका मोठ्या कंपनीला आपल्या लोकांना भेट द्यायला मनामाचं चित्र हवं होतं, म्हणून ते आले होते. त्यांनी आमच्याच इमारतीत टाक्यांमागची, गच्चीपेक्षाही उंचावरची खोली घेतली आणि सामानातून एक घडीचा छापखाना काढला, उसाच्या चरकासारखा.

अब्बा आणि ते एकमेकांची भाषा न बोलता तासन्‌तास बोलायचे. अब्बांना ते मास्टर म्हणायचे. अडलं की मला हाक. मी अकरा वर्षांची दुभाषी होते आणि त्याचा मला भारी ताठा होता. यानसाहेब वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवायचे. डाव्या हाताने पत्रा फिरवायचे. उजव्या हातातली छिन्नी तळव्यात दडलेली, ती हलायचीच नाही. म्हणजे शहर फिरायचं आणि हात जागेवर. तांब्याचे केसासारखे बारीक कुरळे तुकडे जमिनीवर पडायचे आणि माझ्या तळव्यांना टोचायचे. काळ्या शाईला अळशीच्या तेलाचा वास यायचा. ते सांगायचे, त्यांच्या गावात पाण्याचे कालवे आहेत आणि त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीपासून तिथले कारागीर न बघितलेली शहरं कोरत आले. खलाशी कागदावर काहीतरी रेखाटून आणायचे आणि हे घरबसल्या बंदरं उभी करायचे. “तुमच्या किनाऱ्यावरची सुद्धा,” ते म्हणाले. “बंदर चुकलं तरी चालायचं. पण समोर माणसं हवीत. दोन-चार माणसं, त्या गावच्या पोशाखात. माणूस नसला तर ते शहर नाही, नुसती घरं.”

मी ते अब्बांना मराठीत सांगितलं. अब्बांनी मान डोलावली. पुढे काय वाढून ठेवलंय ते आम्हा तिघांतल्या एकालाही कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी यानसाहेब पहिला छाप घेऊन आमच्याकडे आले. त्यांची टकटक आम्हाला ओळखीची झाली होती, तरी मामू न्हाणीघरात गेलाच. त्यांनी कागद जमिनीवर पसरला. ओला कागद, शाई अजून चमकत होती. अम्मी पदर सावरत वाकली आणि तशीच थांबली. समोर आमची गच्ची. तिच्यावर कठड्यापाशी दोन बोटं उंचीचा एक माणूस, लुंगी, बनियन, एका पायावर, हात डोक्यावर. त्याची लांब सावली फरशीवर उजवीकडे पडलेली. चेहरा मोहरीएवढाही नव्हता. पण तो मामू होता. कुणीही सांगितलं असतं.

“हा कुठून आला?” अब्बांनी मला विचारायला सांगितलं.

यानसाहेब खूश होऊन म्हणाले, त्यांच्या खोलीच्या खिडकीतून रोज दिसतो. किती दिवस बघून बघून कोरलाय. अख्ख्या चित्रात हाच एक माणूस खरा आहे.

आज कुणाला सांगितलं तर हसू येईल. दोन बोटांच्या चित्रावरून कोण कुणाला पकडणार? पण आम्हाला त्या दिवशी हसू आलं नाही. ही चित्रं कचेऱ्यांमध्ये लागणार होती, बँकांमध्ये लागणार होती. मामूचा कफील त्याच कचेऱ्यांमध्ये उठबस करायचा. तो बगळा त्याने पाच वर्षं स्वतःच्या गोदामाच्या दारात उभा राहिलेला बघितला होता. आणि खाली चित्रात इमारतसुद्धा आमचीच, पत्त्यासकट म्हणा ना.

“सांग त्यांना, हा मानूस काढा म्हनावं,” अम्मी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “आनि का ते बोलू नुको.”

मी सांगितलं. यानसाहेबांना कळेना. त्यांनी विचारलं, कोण आहे तो?

मी आजवर पुष्कळ खोटं बोललेय, पण ते एक वाक्य अजून तोंडात कडू आहे. मी म्हणाले, “ही इज नोबडी.”

यानसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली. कपाटाखालून मामूच्या एका चपलेचा अंगठा बाहेर डोकावत होता. त्यांनी दोन्ही चष्मे काढून पुसले, पुन्हा चढवले. मग मला म्हणाले, मास्टरना सांग, माझा हात आता थकलाय. खोडायचं काम मास्टरच करतील. आणि छाप तिथेच सोडून गेले.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर अब्बा पत्रा घेऊन आमच्या खोलीत बसले. तांब्यावरचं खोडायचं म्हणजे पेन्सिलचं खोडणं नव्हे. तीन धारांच्या खरवडणीने रेघ खरवडायची, मग गुळगुळीत लोखंडाने तेल लावून घासायचं. तिथे खळगा पडतो. मग पत्रा पालथा करून मागून हलके ठोके द्यायचे, की खळगा वर येतो आणि पृष्ठभाग सारखा होतो. पहिला ठोका पडला आणि समोर बसलेला मामू उठून न्हाणीघरात पळाला. सवयीने. परत आला तेव्हा सगळे हसलो, अब्बाही. ते हसू फार वेळ टिकलं नाही.

मामू स्वतःलाच खोडताना बघत बसला होता. आधी डोकं गेलं, मग डोक्यावरचा हात. “दुल्हाभाई, पोट जरा जास्त घासा,” तो म्हणाला, “जन्मात बारीक व्हायचा हाच एक मोका.” अब्बा घासत राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम पत्र्यावर पडत होता. दोन पायांपैकी वरचा गेला, मग खालचा. एवढ्यात अम्मी चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली, अब्बांच्या कानाशी काहीतरी बोलली आणि आत गेली. अब्बांनी पत्र्यावरचा घाम बोटाने पुसला. मग त्यांनी अवजार खाली ठेवलं.

“खलास,” ते म्हणाले.

छापलेला तो एक कागद अम्मीने गॅसवर जाळला. जळताना त्याला तेलाचा वास आला. राख तिने मोरीत सोडून वर बादलीभर पाणी ओतलं.

यानसाहेबांनी पत्रा भिंगाखाली बराच वेळ बघितला आणि अब्बांचा हात हातात घेऊन दाबला. छापणं सुरू झालं. मामूचं गच्चीवर जाणं बंद झालं. उन्हाळा आला, नळाचं पाणी दिवसाही चहाएवढं कढत येऊ लागलं, आणि मामू न्हाणीघराच्या खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत एका पायावर उभा राहू लागला.

काही आठवड्यांनी अब्बांबरोबर मी एका कचेरीत गेले होते, त्यांच्या व्हिसाचा कागद आणायला. गार हवेची खोली, चामड्याच्या खुर्च्या, आणि भिंतीवर सोनेरी चौकटीत मनामा. मी जवळ जाऊन बघितलं. समुद्र होता, टाक्या होत्या, आमची गच्ची होती. कठडा मोकळा होता. आणि फरशीवर, उजवीकडे, लांबट सावली पडलेली होती. एक पाय दुमडलेला. हात डोक्यावर.

माणूस नव्हता, आणि त्याची सावली होती. अब्बा विसरले होते!

मी अब्बांकडे बघितलं. ते खिडकीशी कागदावर सही करत होते, पाठमोरे. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? छाप सगळीकडे गेले होते. घरी येऊन अम्मीलाही सांगितलं नाही, मामूला तर नाहीच. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दारावर टकटक झाली की मला वाटायचं, कुणीतरी ती सावली बघितली. हेलिकॉप्टर गच्चीवरून गेलं की वाटायचं, सावलीच शोधताहेत. शाळेत मधल्या सुट्टीत मी एका पायावर उभी राहून स्वतःच्या सावलीकडे बघायची. ती अगदी तश्शी दिसायची. मी घाईघाईने पाय खाली टाकायची.

हिवाळ्याच्या तोंडाशी मामूला काम मिळालं. शहराबाहेर अस्करच्या बाजूला, एका ठेकेदाराकडे, रोजंदारीवर, कागद न विचारता. अम्मी नको म्हणत होती. तो म्हणाला, “आपा, न्हाणीघरात म्हातारा होऊ काय?” पहाटे डबा घेऊन तो गेला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, “चा तेवढा पिऊ नुको आता माझ्या वाटचा.”

तो परत आला नाही.

त्या रात्री आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. अब्बा अस्करला जाऊन आले. ठेकेदार म्हणाला, असा माणूस आमच्याकडे नव्हताच. पोलिसांत विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की दोन वर्षं तो आमच्याकडे होता. मग अब्बांचा व्हिसा, माझी शाळा, सगळंच. मोठी माणसं रोज विचारायला निघायची आणि जिन्यातून परत यायची. पकडून मायदेशी पाठवलं असतं तर गावी पोचला असता. गावीही पोचला नाही. पुढेही अम्मी तिकडच्या ओळखीच्यांना पत्रं टाकून विचारत राहिली, आणि नाना वारले तरी उत्तर तेच येत राहिलं.

मला मात्र उत्तर माहीत होतं. सावलीने त्याला पकडून दिलं होतं.

यानसाहेब जाताना पत्रा अब्बांना देऊन गेले. आता आणखी छाप कुणी काढू नयेत म्हणून त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यावर आडवी चीर मारली होती. म्हणाले, हा आपल्या दोघांचा. अब्बांनी तो बनियनमध्ये गुंडाळला आणि त्यानंतर आम्ही कुणी त्याबद्दल बोललो नाही. आम्ही त्याच वर्षी गावी परतलो.

तर परवा तो पत्रा मांडीवर घेऊन मी पडवीत बसले होते. अम्मी आली. तिला आता कमी दिसतं, पण तांब्याचा वास तिला आधी आला. ती शेजारी बसली. आणि इतक्या वर्षांचं जे होतं ते माझ्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. कचेरी, सोनेरी चौकट, सावली. अब्बा विसरले आणि मी सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर मामूला कुठेतरी दुसरीकडे ठेवता आलं असतं. माझ्यामुळे गेला तो, अम्मी. मी अकरा वर्षांच्या मुलीसारखी हुंदके देऊन रडत होते.

अम्मीने माझं सगळं ऐकून घेतलं. मग पत्रा स्वतःकडे ओढला आणि बोटाने चाचपू लागली. टाक्या, दोरी, कठडा. गच्चीच्या फरशीवर तिचं बोट थांबलं. तिला शोधावं लागलं नाही. तिथलं तांबं बाकीच्या पत्र्यापेक्षा उजळ होतं, हाताळून हाताळून झालेलं, आणि ते माझ्या आता लक्षात आलं.

“तुजा बाप कंदी काय विसरला नाय,” ती म्हणाली. “मी बोलले त्यांना, सावली ऱ्हाऊ दे.”

“तू?”

“आमच्या घरात तस्वीर ठेवायची नाय, तुला ठाव हाय. नानांनी आमा भावंडांचा एक फोटू काढू दिला नाय. हनीफचा जगात एकच फोटू, तो त्या पासपोर्टात, नि पासपोर्ट त्या मान्साच्या खनात. मग हा साहेब आला नि त्याने त्याला असा उभा केलान, अगदी नानांचा बगळा. नि आमी बसलो त्याला घासायला.” तिचं बोट अजून फरशीवरच होतं. “सावली काय तस्वीर नाय गो. सावलीचा गुन्हा लागत नाय.”

“पण अम्मी, कुणी ओळखलं असतं तर?”

“भीती नव्हती काय मला? होतीच. रोज होती. पन तू त्या साहेबाला काय बोललीस, ते मला इंग्रजी नाय आली तरी समजलं. त्याचा चेहरा बगितला मी. म्हनलं, एवढं पन पुसलं तर मग खरंच कोन नव्हता तो.”

खाली खाडीला भरती लागली होती आणि कुणीतरी होडी वर ओढत होतं.

अम्मीने पत्रा पुन्हा बनियनमध्ये गुंडाळला, लेकराला गुंडाळावं तसा, आणि माझ्याकडे न देता आपल्याच मांडीवर ठेवला.

“वस्तू वाटायच्या त्या वाट,” ती म्हणाली. “हा ऱ्हाऊ दे. सावली हाय म्हनजे मानूस हाय कुठंतरी उभा.”

असरची बांग झाली. ती उठली, दोरीवरचे कपडे काढायला बादली घेतली, आणि अंगणात जाऊन वाटेकडे तोंड करून उभी राहिली.